किर्लोस्कर रोड ते उद्यमबाग : आपल्या बेळगावची सायकल

गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी किर्लोस्कर रोडवरून जायचे म्हणजे चालणेसुद्धा कठीण. विजेच्या माळा, खरेदीची गर्दी, देखावे बघायला खेड्यापाड्यांतून आलेली माणसे. त्या गर्दीत रस्त्याच्या नावाकडे कोण बघतो? आम्हीही कधी बघितले नव्हते. गेल्या वर्षी देखावे दाखवायला मुलीला घेऊन गेलो, तेव्हा तिने विचारले, "पप्पा, किर्लोस्कर म्हणजे ते पंपवाले ना? मग त्यांचं नाव आपल्या बाजारातल्या रस्त्याला कसं?"

आम्ही म्हटले, "त्यांचं इथं सायकलचं दुकान होतं. पंप नंतर आले."

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सगळी सुरुवात सायकलनंच झाली की. मग मलाच तेवढी सायकलनं शाळेला का जाऊ देत नाही?"

मुलगी आठवीत. शाळा घरापासून अडीच किलोमीटर. आम्ही नोकरीला राज्य सरकारच्या रस्त्यांच्या कामावर, स्थापत्य अभियांत्रिकीचे डिप्लोमाधारक. तिच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. त्यानंतर वर्षभर जे वाचले, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले आणि नोकरीत जे पाहिले होते ते आठवून हा लेख लिहिला आहे.

पहिले दुकान

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे आपल्याच जिल्ह्यातले. गुर्लहोसूरला १८६९ मध्ये त्यांचा जन्म झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे काढण्याकडे वळले. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवले. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि तिचा धंदा करण्याचे मनात आणले. मुंबईत सायकली विकत घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि इथे बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी ती व्यवस्था. दुकानाचे नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. ही कंपनी आपल्या स्थापनेचे साल १८८८ सांगते, ते या दुकानापासून. ज्या रस्त्यावर ते दुकान होते, तोच आपला किर्लोस्कर रोड.

१८८८ हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आज आपण ज्याला सायकल म्हणतो, ती दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री इथे जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये 'रोव्हर' या नावाने आणली होती. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढे चाक आणि मागे एवढेसे. तोल गेला की स्वार डोक्यावर पडायचा. हवा भरलेला रबरी टायर जॉन बॉइड डनलॉप याने बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी करून त्याचे पेटंट घेतले, तेही १८८८ मध्येच. म्हणजे विलायतेत सायकल नुकती कुठे सुधारत होती, त्याच सुमाराला तिचा धंदा करायचे आपल्या माणसांनी इथे बेळगावात ठरवले.

किर्लोस्करांच्या घरच्या आठवणींत असे सांगतात की तेव्हा एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत आणि रामूअण्णा ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये घेत. त्या काळचे हजार रुपये म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या असतील त्यांनी उघडून पाहावे. एवढे पैसे मोजणारे गिऱ्हाईक म्हणजे कॅम्पातला साहेब, नाहीतर वकील, डॉक्टर, जहागीरदार. पेठेतल्या कारागिराने सायकल दुरून बघायची, एवढेच.

पुढची हकिगत पुष्कळांना माहीत आहे. सायकलीच्या दुकानातून कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाले. नगरपालिकेच्या हुकुमाने जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आपल्या आजीच्या पिढीने ज्या 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिकांची वाट पाहिली, तीही त्याच वाडीची. बेळगावकडे राहिले ते फक्त रस्त्याचे नाव.

साहेबाची सायकल कामगाराची कशी झाली

बरीच वर्षे आपल्याकडे सायकली विलायतेहूनच येत. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर देशात कारखाने निघू लागले. मुंबईची हिंद सायकल्स १९३९ ची. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स (१९४९), आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अॅटलास (१९५१) आणि लुधियान्याला मुंजाळ बंधूंची हिरो (१९५६) असे मोठे कारखाने उभे राहिले. हिरोने पहिल्या वर्षी ६३९ सायकली केल्या आणि १९८६ मध्ये जगात सर्वांत जास्त सायकली करणारी कंपनी म्हणून तिचे नाव गिनीज बुकात गेले. तीस वर्षांत एवढा फरक पडला, कारण सायकल आता साहेबाची राहिली नव्हती. ती गावाकडून कामाला येणाऱ्या माणसाची झाली होती.

आमचे बाबा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी हप्त्याने सायकल घेतली. आमचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे घरात सायकल आमच्याहून मोठी. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी उभे राहिले की मच्छे, पिरनवाडी, मजगाव, अनगोळ या बाजूंनी सायकलींची रांग दिसायची. प्रत्येकाच्या हँडलला पिशवीत भाकरीचा डबा आणि कॅरिअरला पावसाळ्यात गुंडाळलेले इरले किंवा प्लास्टिकचा कागद. गेट पडले की ही रांग थांबायची, दोन-चारशे घंट्या एकदम वाजायच्या आणि गाडी गेली की सगळे एकदम सुटायचे. दुसरीकडे वडगाव-शहापूरचे विणकर कॅरिअरवर सुताचे गठ्ठे बांधून निघालेले, खेड्यांतले गवळी दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून घरोघरी रतीब घालणारे. बाजारपेठ उघडायच्या आत हे सगळे शहर सायकलवरून कामाला लागलेले असे.

तेव्हा सायकल निवडायची म्हणजे फारसे काही निवडायचे नसे. २२ इंची की २४ इंची फ्रेम एवढाच प्रश्न, आणि दांडीची की बिनदांडीची. बाबा उंचीने बेताचे, तरी त्यांनी २४ इंची घेतली. "पोरं मोठी झाली की त्यांना होईल," हे कारण. त्यामुळे तेच आयुष्यभर टाचा उचलून पेडल मारत राहिले. रंग काळा, चाके २८ इंची, ब्रेकला लोखंडी सळ्या, साखळीवर पूर्ण झाकण, मागे मजबूत कॅरिअर आणि दोन पायांचे स्टँड. दोन पोती तांदूळ, एक आजारी शेजारी किंवा एक बायको आणि दोन मुले, काहीही न्या. आता हसू येते, पण बेळगावच्या पावसाला आणि चिखलाला ती गाडी योग्य होती.

सायकलवर करही होता. त्या काळी पुष्कळ नगरपालिका दर वर्षी सायकलीचा कर घेऊन पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला देत. आमच्या आजोबांचा एक बिल्ला आई अजून देव्हाऱ्याच्या खणात ठेवते. का, ते तिलाही सांगता येत नाही. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत. डबलसीट दिसले की अडवीत, आणि कधी कधी शिक्षा म्हणून चाकातली हवा सोडून देत. बाबा सांगतात, पोलीस दिसला की आई आधीच उतरून चालायला लागायची आणि वळणापलीकडे जाऊन परत बसायची. आज या गोष्टी चेष्टेच्या वाटतात. पण ज्या वाहनावर कर आहे आणि ज्याच्या दिव्याची पोलिसाला काळजी आहे, ते वाहन रस्त्याच्या हिशेबात असते. रस्त्यावर त्याची जागा आहे हे सरकारला मान्य असते.

आम्ही सायकल शिकलो ती भाड्याची. गल्लीच्या तोंडाशी दुकान होते, तासाच्या हिशेबाने लहान सायकल मिळायची, आणि दुकानदाराचे घड्याळ आमच्या घड्याळापेक्षा नेहमी पुढे असायचे. लहान सायकली संपलेल्या असल्या की बाबांची मोठी काढायची आणि दांडीखालून पाय घालून अर्धे अर्धे पेडल मारत न्यायची. मिस्त्री आमच्याशी मराठीत, बायकोशी उर्दूत आणि बाजाराला आलेल्या शेतकऱ्याशी कानडीत बोलायचा. पंक्चरच्या टबात बुडबुडा दिसला की तिन्ही भाषांतली माणसे एकदम "ते बघा!" करायची.

आम्ही मोजलेल्या सायकली

डिप्लोमाला महामार्ग अभियांत्रिकीच्या विषयात एक छोटे प्रकरण सायकलमार्गांवर होते. परीक्षेला त्यावर फार तर टीप यायची, म्हणून बहुतेक जण ते सोडून देत. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था १९३४ ची. १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे जे अधिवेशन भरले आणि ज्यामुळे आपल्या काँग्रेस रोडला नाव मिळाले, त्या काँग्रेसशी तिचा संबंध नाही. या संस्थेने १९६२ मध्येच सायकलमार्गांचे मानक काढले होते. त्यातला नियम असा : गर्दीच्या तासाला रस्त्यावर १०० ते २०० मोटारवाहने असतील आणि सायकली ४०० किंवा जास्त असतील, तर सायकलींसाठी वेगळा मार्ग करावा. मोटारवाहने २०० च्या वर गेली, तर सायकली १०० असल्या तरी वेगळा मार्ग योग्य ठरतो. रुंदी एका सायकलीला एक मीटर, आणि मार्ग किमान दोन मीटरचा.

तिसऱ्या गेटची ती सकाळ आठवून हा नियम पुन्हा वाचावा. आमच्या लहानपणी तिथे दोन मीटरचा सायकलमार्ग नियमानेच व्हायला हवा होता. झाला नाही. तो फक्त इथेच झाला नाही असेही नाही. देशातल्या बहुतेक शहरांत हा नियम पुस्तकातच राहिला.

नोकरीला लागलो तेव्हा सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे वाहतुकीची मोजणी. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून रात्रंदिवस पाळीपाळीने बसायचे आणि छापील तक्त्यात दर वाहनाला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. ट्रक, बस, मोटार, दुचाकी, सायकल, बैलगाडी असे रकाने. पुढे या आकड्यांना गुणक लावतात. मोटार म्हणजे एक धरली, तर ट्रक किंवा बस तीन, बैलगाडी आठ. स्कूटर-मोटारसायकल अर्धी आणि सायकलही अर्धी. कागदावर दोघींचा मान सारखाच.

आमच्या पहिल्या मोजणीत सकाळच्या दोन तासांत सायकलीचा रकाना भरून पुरवणी कागद लावावा लागला होता. काही वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा बसलो, तेव्हा भरला तो दुचाकीचा रकाना. सायकलीच्या रकान्यात थोड्याच रेघा, आणि त्याही बहुतेक पिकल्या केसांच्या माणसांच्या.

हे एका दिवसात झाले नाही. १९७२ मध्ये पुण्याहून लुना आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. ज्या मुंजाळांनी देशाला सायकलवर बसवले, त्यांनीच त्याला मोटारसायकलवर बसवले. हप्त्याची सोय वाढली. उद्यमबागेत पाळी सुटल्यावर अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत घरी पोचता येऊ लागले. दिवसभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने ही सोय का नाकारावी? आम्ही स्वतः नोकरी कायम झाल्याबरोबर दुचाकी घेतली आणि पहिल्यांदा बाबांनाच मागे बसवून कपिलेश्वराला नेले. तेव्हा त्यांना आनंदच झाला होता.

पण दुचाकी आली म्हणून सायकल घराबाहेर गेली, असे समजणे बरोबर नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी सुमारे ४५ घरांत सायकल होती आणि २१ घरांत स्कूटर, मोटारसायकल किंवा मोपेड. म्हणजे सायकल घरात होती. ती मोठ्या रस्त्यावर यायला घाबरू लागली होती.

रस्ता चांगला झाला

आता जे सांगायचे आहे ते सांगायला थोडे जड जाते. काही वर्षांपूर्वी शहराकडे येणाऱ्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकावर आम्ही काम केले. रस्त्याचा आडवा छेद आम्हीच काढला. मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना डांबरी पदर, कडेला गटार. सायकलमार्गाचा विषय निघाला होता. मोजणी पाहिली, सायकली कमी भरल्या, विषय तिथेच संपला. नियमाप्रमाणे त्यात काही चूक नव्हती. पण सायकली कमी का भरल्या, हे कुणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पूर्वी सायकली भरपूर होत्या तेव्हा मार्ग केला नाही. मार्ग नाही आणि वेग वाढला म्हणून सायकली कमी झाल्या. आणि सायकली कमी झाल्या म्हणून आता मार्गाची गरज नाही. आम्ही या चक्राचा शेवटचा आरा बसवला.

बाबा तेव्हा निवृत्त होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. तरी रोज सकाळी त्याच रस्त्याने आमच्या आत्याच्या गावी सायकलने जायचे, शेतातली भाजी घेऊन यायचे. रस्ता पूर्ण झाल्यावर आम्ही मुद्दाम विचारले, "कसा झालाय?"

म्हणाले, "झ्याक झालाय. पर आता तो आपला ऱ्हायला नाही."

पुढे ते गेले नाहीत. पडले नाहीत, लागले नाही, काही झाले नाही. नुसते गेले नाहीत. भाजी आणायला आम्हाला दुचाकी देऊन पाठवू लागले. सायकल मागच्या पडवीत टेकवून ठेवली, तिच्यावर आधी टॉवेल वाळू लागले आणि मग कोंबड्या बसू लागल्या. आत्याची आणि त्यांची भेट रोजची होती, ती महिन्याची झाली. आमच्या अंदाजपत्रकात या गोष्टीचा रकाना नव्हता.

दुसरीकडे काय झाले

सायकल जिथे टिकली तिथे ती आपोआप टिकली, असा आमचाही समज होता. नेदरलँड्स म्हणजे सायकलींचा देश, तिथली माणसेच तशी, असे आपण म्हणतो. पण तिथेही मोटारी वाढल्या तेव्हा सायकली हटल्या होत्या. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसे मेली, त्यांत चारशेच्या वर लहान मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांनी आपल्या चळवळीचे नावच 'मुलांच्या हत्या थांबवा' असे ठेवले. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली आणि काही रविवार मोटारींना बंदी झाली, तेव्हा रिकाम्या रस्त्यांवर मुले खेळताना सगळ्या देशाने पाहिली. त्यानंतर वर्षानुवर्षे पैसे खर्चून तिथे सायकलमार्ग बांधले गेले. रस्ते आधी बदलले, माणसे मागाहून.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमाराला साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवण्यात आली. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, नर्स, शिक्षिका अशा सुमारे एक लाख बायका सायकल शिकल्या. बाजाराला, विहिरीला, दवाखान्याला जायला त्यांना कुणाची वाट बघावी लागेना. आपल्या कर्नाटकातही २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुला-मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. जिल्ह्यात कामानिमित्त फिरताना वेणीला लाल फीत लावलेल्या मुलींच्या सायकलींची रांग आम्ही पुष्कळदा पाहिली आहे आणि जीप बाजूला घ्यायला लावली आहे. त्या मुलींचे कौतुक वाटायचे. आपली मुलगी आठवीत गेल्यावर मात्र तिला शाळेला सोडायला आम्हीच दुचाकी काढत होतो.

मुलीची सायकल

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत सायकल घ्यायला गेलो. दुकानात जाड टायरच्या, दोन्हीकडे शॉक-अॅब्झॉर्बर असलेल्या, मडगार्ड नसलेल्या सायकली पुढे मांडलेल्या. मुलीचे डोळे तिकडेच. आम्ही तिला म्हटले, जून ते सप्टेंबर कुठल्या गावात राहतेस ते आठव. मडगार्ड नसेल तर शाळेत पोचेपर्यंत पाठीवर चिखलाचा पट्टा. कॅरिअर नसेल तर दप्तर पाठीवर. जाड टायर डोंगरात चांगला, डांबरावर तो नुसता जड. मग साधी, मध्यम टायरची, पुढे टोपली, मागे कॅरिअर, साखळीला झाकण आणि चांगले ब्रेक असलेली घेतली. गिअर नको म्हटले. टिळकवाडीत तेवढे चढ नाहीत. सीटची उंची दुकानातच लावून घेतली : सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा, म्हणजे पंजाने पेडल मारताना गुडघा किंचित वाकतो. बाबांना कुणी हे सांगितले असते तर त्यांचे गुडघे आज बरे असते.

सराव व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत केला. सकाळी तिथे फिरायला येणारी मंडळी पुष्कळ, आणि पहिल्याच दिवशी एका आजोबांनी मुलीला दरडावले. त्यांचे चुकले नव्हते. ती मागून न सांगता वेगाने गेली होती. तेव्हापासून आमचे काही नियम ठरले. चालणाऱ्याच्या मागून जाताना लांबूनच एकदा घंटी, पाठीशी येऊन नाही. गर्दी असेल तिथे उतरून ढकलत न्यायची. लहान मूल किंवा कुत्रे दिसले की थांबायचे, ते कुठे वळेल याचा नेम नाही. दोघी मैत्रिणी शेजारी शेजारी चालवत असतील तर समोरून कुणी आले की एकीने मागे व्हायचे. कानात गाणी नाहीत. आणि जाता जाता "आजोबा, जाऊ का?" विचारायला काही पैसे पडत नाहीत. महिन्याभरात त्याच आजोबांनी तिच्यासाठी खिशातून चिंचा आणल्या.

मोटारवाल्याने सायकलला जशी जागा द्यावी, तशीच सायकलवाल्याने चालणाऱ्याला द्यावी, एवढे तिला कळले. रस्त्यावरचा नियम पुस्तकातून शिकवून आम्हाला तो असा कधी समजला नव्हता.

बाबांची सायकलही पडवीतून काढली. मिस्त्रींच्या मुलाने उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाला, "साहेब, हिला काय झालेलं नाही. छर्रे बदलू या, मागच्या चाकाची आउट काढू या, टायर-ट्यूब नवीन घालू या. पळतंय बघा अजून वीस वर्षं." तसेच केले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी आणि एक मित्र असे चौघे मिळून निघतात. काँग्रेस रोड टाळून टिळकवाडीच्या आतल्या रस्त्यांनी जातात. पाच मिनिटे जास्त लागतात. पहिला आठवडा आम्ही बाबांच्या सायकलवरून पन्नास पावले अंतर ठेवून त्यांच्या मागे गेलो. एकदा वळणावर एक मोटार फार जवळून गेली आणि आमच्या पोटात गोळा आला. मुलीने फक्त हँडल सरळ ठेवले. दुसऱ्या आठवड्यात तिने सांगितले की आता मागे यायचे नाही, मैत्रिणी हसतात. आम्ही थांबलो. भीती गेलेली नाही. रोज ती शाळेत पोचल्याचे मनात धरूनच ऑफिसात फाइल उघडतो.

ऑफिसातही एक गोष्ट केली आहे. फार मोठी नाही. आता रस्त्याचा आडवा छेद काढताना सायकलीचा एक मीटर आधी काढून ठेवतो आणि मग बाकीचे मांडतो. वरिष्ठांनी काढून टाकला तर टाकोत. पण तो आमच्या हातून सुटणार नाही. सायकलमार्गांचे ते मानक २०१५ मध्ये सुधारूनही आले आहे, त्याची प्रत टेबलावर ठेवली आहे. कुणी मागितली तर दाखवता येते.

आपल्या मंडळात वर्गणीदारांची शंभरावर घरे आहेत. त्यांतल्या किती घरांच्या पडवीत, जिन्याखाली, गच्चीवर सायकल टेकवून ठेवलेली आहे, याचा अंदाज प्रत्येकाला आहे. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी बोलून एक ठरवले आहे. विसर्जन झाल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला किर्लोस्कर रोडवर जमायचे आणि तिथून तिसऱ्या गेटवरून उद्यमबागेपर्यंत सायकलने जाऊन यायचे. शर्यत नाही, टी-शर्ट नाहीत, बक्षिसे नाहीत. ज्यांचे वडील, काका, आजोबा त्या वाटेने कामाला जात, त्यांनी शक्य असेल तर त्यांनाही आणावे. हवा भरायचा पंप आणि पंक्चरचे सामान मिस्त्री आणणार आहेत. आमचे बाबा तिसऱ्या गेटजवळ खुर्ची टाकून बसणार आहेत. गुडघ्यांमुळे सायकल चालवणे त्यांना आता जमत नाही, पण सायकली मोजायचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले आहे.